आय ट्रॅकरवर फिल्ड टेस्ट, कॅम्पच्या आदल्या रात्रीपासूनची तयारी

परवा देवगडकडच्या डोळ्यांच्या कॅम्पला आय ट्रॅकर, म्हणजे डोळा कुठे वळतो ते कॅमेऱ्याने टिपणारं मशीन, न्यायचंय आणि यावेळी निम्मी पोरं नवीन आहेत, म्हणून लिहून ठेवते. आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, ही फिल्ड टेस्ट, म्हणजे आजूबाजूचं किती दिसतं त्याची तपासणी, हम्फ्रीच्या (नेहमीच्या बटणवाल्या फिल्ड मशीनच्या) बरोब्बर उलटी आहे. तिकडे आपण सांगतो की मधल्या दिव्यावरून नजर हलवायची नाही, बाजूला ठिपका चमकला की बटण दाबा, इकडे बटणच नाही, ठिपका दिसला की डोळा आपसूक तिकडे वळतो, वळायला साधारण 0.2 सेकंद, म्हाताऱ्या माणसांना जरा जास्त, आणि कॅमेरा ते पकडतो. नाही वळला तर तिथलं दिसत नाही असं धरलं जातं, रिपोर्टात तिथे काळं येतं.

म्हणून काचबिंदूच्या जुन्या पेशंटशी आधी नीट बोलायचं. मागच्या खेपेला एक आबा आलेले, सगळं आयुष्य होडीवर गेलेलं, त्यांचा रिपोर्ट अर्धाअधिक काळा बघून माझ्या पोटात गोळा आला, कारण माणूस तर पायरी चढून, चपला काढून, बाकड्याला वळसा घालून एकटा आत आलेला. विचारलं तर म्हणाले, "मागे डाक्टरान सांगल्यान, डोळो हलवू नको, मगे मी कशाक हलवू?" दोन्ही हात मांडीवर घट्ट दाबून बसले होते, इतक्या निष्ठेने. परत केली तर फक्त डाव्या डोळ्यात वरच्या बाजूला डाग राहिला. तेव्हापासून मी आधी माझं बोट बाजूला नाचवून दाखवते, "आबा, हां, असंच बघायचं, जिकडे उजेड तिकडे," आणि दोन-चार ठिपके नुसते सरावाला देते.

आता सामान. मशीन आदल्या रात्री पुसा, कॅमेरा आणि इन्फ्रारेड दिवे दोन्ही, खाऱ्या हवेचा चिकट थर बसतो तो मऊ कापडानेच काढा, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका. इन्व्हर्टर चार्ज, कारण मध्येच लाईट गेली तर टेस्ट पहिल्यापासून. स्क्रीनचा ऑटो ब्राइटनेस बंद, अर्धा तास आधी चालू करून ठेवा.

शाळेची खोली मिळाली तर पश्चिमेची खिडकी झाकायचीच, उन्हात इन्फ्रारेड असतं आणि दुपारनंतर ते सरळ आत आलं की कॅमेऱ्याला बाहुली सापडत नाही. काळी चादर आणि चिमटे घ्या.

पेशंटचं काजळ पुसून घ्या, चष्म्याची काच पुसा आणि चमक येत असेल तर स्क्रीन थोडी तिरकी करा. बाहुली मोठी करायचे थेंब टेस्ट झाल्यावरच. पापणी लोंबत असेल तर वर हलकी टेप. उन्हापाण्यात काम करणाऱ्यांच्या बुबुळावर नाकाकडून मांस चढलेलं असतं, तिथे कॅलिब्रेशन (टेस्टआधी मशीनला नजर जुळवून देणं) हुकतं, घाई न करता परत करा, तरी जमलं नाही तर नाव हम्फ्रीच्या यादीत टाका, ओढूनताणून रिपोर्ट काढू नका. डोळे सतत थरथरणाऱ्यांचंही तसंच.

एका वेळी एकच डोळा, दुसऱ्यावर पट्टी, घामाने सुटते म्हणून जास्तीच्या घ्या. रिपोर्टात कानाच्या बाजूला साधारण 15 अंशांवर काळा ठिपका आला तर घाबरू नका, तो सगळ्यांनाच असतो. आणि म्हाताऱ्यांना सकाळी पहिले नंबर द्या, दुपारपर्यंत डोळे थकतात आणि त्यांना परतीची एसटी गाठायची असते.