दीर्घिकांचा शेजार आणि तारानिर्मिती: प्रोजेक्टमध्ये या चुका टाळा

इंदुरात एम.एस्सी.च्या मुलांचा हा हमखास प्रोजेक्ट: स्लोन या आकाश-सर्वेक्षणाचा फुकट डेटा उतरवायचा आणि दाट क्लस्टरमधल्या, म्हणजे दीर्घिकांच्या (गॅलेक्सींच्या) झुंडीतल्या, दीर्घिकांत तारे कमी जन्मतात हे दाखवायचं. आलेख पहिल्याच फटक्यात झकास येतो. संशय तिथंच घ्यावा.

सगळ्यात महागात पडते ती वस्तुमानाची चूक. क्लस्टरमध्ये जड दीर्घिकांचं प्रमाण मुळातच जास्त, आणि जड दीर्घिकांची तारानिर्मिती शेजारी कोणी नसलं तरी बहुधा थंडावलेलीच असते. सगळ्या एकाच ढिगात घातल्या, तर वस्तुमानाचं पाप शेजाराच्या माथी जातं. हे दोन परिणाम वेगळे काढता येतात, हे पेंग आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये दाखवलं. वस्तुमानाचे अरुंद गट पाडा, मग एकेका गटात शेजार तपासा. आलेखाचा उतार कमी झाला तर घाबरू नका.

शेजारी मोजताना रेडशिफ्टला (दूर जाणाऱ्या दीर्घिकेचा प्रकाश लालीकडे किती सरकला त्याच्या मापाला) थेट अंतर समजू नका. क्लस्टरमधल्या दीर्घिका सेकंदाला हजार किलोमीटरच्या घरात धावतात. हा वेग रेडशिफ्टमध्ये मिसळतो, आणि तेवढ्यानं अंतर साडेचार कोटी प्रकाशवर्षांनी चुकतं. आकाशातलं अंतर घ्या आणि वेगात दोन्ही बाजूंना सेकंदाला 1000 किमीची मुभा ठेवा. आणखी एक मेख: स्लोनच्या मूळ सर्वेक्षणात दीर्घिकांचा प्रकाश टिपणारे फायबर एका प्लेटवर खोचलेले असत, आणि 55 आर्कसेकंदांहून (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600वा भाग) जवळ दोन फायबर बसत नसत, म्हणजे नेमके गर्दीतलेच शेजारी यादीतून गळतात. फायबरचा व्यासही जेमतेम 3 आर्कसेकंद. जवळच्या सर्पिल दीर्घिकेचा गाभाच त्यात येतो, आणि चकतीत तारे जन्मत असताना तुम्ही तिला मृत ठरवता.

तारे जन्मणं थांबलेली दीर्घिका लाल दिसते, पण लाल दिसली म्हणजे संपली, असंही नाही. धूळसुद्धा लाल दाखवते.

आजचा नियम भूतकाळावर लादणं म्हणजे रात्री खाऊगल्ली होणाऱ्या इंदुरच्या सराफ्यात दुपारी जाऊन ‘इथं खायला काही मिळत नाही’ म्हणणं. सुमारे 800 कोटी वर्षांपूर्वी दाट भागांत तारानिर्मिती उलट जास्त होती, असं एल्बाझ यांच्या गटाला 2007 मध्ये आढळलं. सगळ्या सर्वेक्षणांत ते इतकं ठळक दिसत नाही. रेडशिफ्ट जितका जास्त तितका काळ जुना, म्हणून प्रत्येक रेडशिफ्टचा आलेख वेगळा काढा.

आणि निष्कर्षात ‘क्लस्टरनं वायू ओरबाडला’ असं ठोकून देऊ नका. नव्या वायूचा पुरवठा तुटूनही तारानिर्मिती हळूहळू मंदावते. नुसत्या रंगावरून दोन्हींतला फरक कळत नाही. त्यासाठी हायड्रोजनची 21 सेंटिमीटरची निरीक्षणं लागतात, नारायणगावजवळची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण घेते तशी.