पावसाळ्यात न लागणारे दार
कोथरूडमधील आमच्या घराच्या आतल्या खोलीचे दार जुलैपासून नीट लागेना, तेव्हा लाकूड दमट हवेने फुगले असावे असे समजून मी कडेला रंधा मारण्याच्या बेतात होतो. तसे केले असते, तर हिवाळ्यात तेथे फट पडली असती. सुदैवाने आधी लॅचच्या जिभेला ओले कुंकू लावून दार लोटून पाहिले. चौकटीवरील पट्टीच्या भोकाखाली सुमारे ३ मिलिमीटरवर लाल ठसा उमटला, म्हणजे दार फुगले नव्हते, तर खाली उतरले होते. वरच्या बिजागरीचे दोन स्क्रू नुसतेच गरगर फिरत होते. गूल काढलेल्या आगपेटीच्या काड्या फेविकॉलमध्ये बुडवून त्या भोकांत ठासल्या, रात्रभर वाळू दिल्या आणि स्क्रू पुन्हा आवळले. उरलेला किंचित अडथळा पट्टीच्या भोकाची खालची कड कानशीने घासून काढला.