पंचगंगेची पातळी घरबसल्या कशी पाहावी

जुलै उजाडला की कोल्हापुरात पहिला प्रश्न असतो, “राजारामला किती?” कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावरची पातळी फूट-इंचांत मोजतात. 39 फूट ही इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी. हे दोन आकडे पाठ असले, तरी नुसत्या आकड्यावरून नदीचा अंदाज येत नाही.

1. आकडा वेळेसकट घ्या. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाची माहिती पावसाळ्यात रोज येते. त्यात पातळी, धरणांचा विसर्ग आणि पाण्याखाली गेलेले बंधारे असतात. व्हॉट्सॲपवर आलेल्या आकड्याला तारीख-वेळ नसेल तर तो सोडून द्या. गेल्या सालचे फोटोही फिरत असतात.

2. वहीत लिहा, फरक काढा. समजा, सकाळी 8 ला 36 फूट 4 इंच आणि 11 ला 36 फूट 10 इंच. म्हणजे तासाला दोन इंच. इशारा पातळीला 26 इंच उरले, वेग हाच राहिला तर रात्री 12 च्या सुमारास पाणी तिथं टेकेल. मात्र पाणी पात्राबाहेर पडून शिवारात पसरलं की चढ मंदावतो. इंच कमी वाढले म्हणून पाणी कमी येतंय असं धरू नका.

3. वरून काय सुटतंय ते पाहा. विसर्ग क्युसेकमध्ये सांगतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की ते आपोआप उघडतात आणि एकेका दरवाजातून 1428 क्युसेक पाणी पंचगंगेची उपनदी असलेल्या भोगावतीत येतं. सातही उघडले तर जवळपास 10,000. ते कोल्हापुरात पोचायला काही तास जातात, आणि आवराआवर करायची ती त्याच वेळात. पण राधानगरीचे दरवाजे बंद म्हणून गाफीलही राहू नये. कासारी, कुंभी, तुळशी या नद्यांचं पाणी वेगळं येतं. गगनबावड्याकडचा पाऊस रोज बघाच.

4. खालची कृष्णा विसरू नका. माझ्या मते लोक सगळ्यात जास्त इथंच चुकतात. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णा भरून वाहत असली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं फुग येते. वर पाऊस थांबला तरी पाणी हलत नाही ते यामुळंच. म्हणून सांगलीच्या आयर्विन पुलाची पातळीही टिपा. तिथं इशारा 40 फूट, धोका 45 फूट. सोबत कोयना धरणाचा विसर्ग आणि खाली कर्नाटकात कृष्णेवरच्या अलमट्टी धरणातून किती सोडतायत तेही पाहा. शिरोळ तालुक्यातल्या गावांनी तर आधी हेच पाहावं.

5. मोबाईलवर. केंद्रीय जल आयोगाच्या ‘फ्लडवॉच इंडिया’ ॲपमध्ये आयोगाच्या केंद्रांवरची पातळी आणि पुराचा अंदाज मिळतो. तिथले आकडे समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये असतात. त्यांचे फूट करून राजारामच्या आकड्याशी ताडू नका, दोन्हींचं शून्य वेगळं आहे.

2019 आणि 2021 च्या महापुरांत राजारामला पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हा तुमच्या दारात कुठवर आलं होतं, ती खूण भिंतीवर करून ठेवा. पाणी किती फुटांवर असताना रस्ता बंद झाला, हेही शेजाऱ्यांना विचारून वहीत टिपा. जनावरं हलवायची तर तो आकडा येण्याच्या आधी, उजेडात हलवा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर 1077.