सागवानी खिडकी काढून टाकण्याआधी

पावसात गळते म्हणून जुनी सागवानी खिडकी काढून ॲल्युमिनियमची स्लायडिंग बसवण्याची घाई करू नका. दोन झडपांची स्लायडिंग एका वेळी अर्धीच उघडते, वारा निम्मा होतो. आधी चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांत स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. लाकूड टणक लागलं तर मे महिन्यातच काचेभोवतीची सुकलेली पुट्टी खरवडून नवी भरा, चौकट आणि भिंतीमधली फट सीलंटने बुजवा, मग ऑइलपेंट. रंगकामात झडपेची खालची कड बहुतेक वेळा राहून जाते आणि पाणी तिथूनच लाकडात शिरतं. झडप उतरवून ती कड रंगवून घ्याच. पावसाळ्यात फुगलेल्या झडपेवर रंधा मारू नका, लाकूड सुकल्यावर तिथे फट पडेल. खालचाच भाग कुजला असेल, तर चांगला सुतार तेवढाच तुकडा बदलून देतो.