रम वर, पाणी खाली: बारच्या टेबलावर करायची एक निवांत जादू

पत्ते पिसता येत नसतील, हातचलाखी शून्य असेल, तरी ही जादू जमते, फक्त पाच-दहा मिनिटं समोरच्यांना बोलण्यात गुंतवून ठेवता आलं पाहिजे, आणि ते आपल्या गोव्यात कुणाला शिकवावं लागत नाही. दोन छोटे ग्लास, एकात पाणी, दुसऱ्यात डार्क रम. पैज अशी लावायची की तिसरं भांडं घेणार नाही, स्ट्रॉ घेणार नाही, तोंड लावणार नाही, आणि तरी पाण्याच्या ग्लासात रम आणि रमच्या ग्लासात पाणी आणून दाखवतो. हरलो तर चिली फ्रायची प्लेट माझ्याकडून.

आधी सामान बघा कारण निम्मी जादू तिथेच बिघडते. ग्लास अगदी एकसारखे हवेत, शॉट ग्लास मिळाले तर उत्तम, नाहीतर तवेर्नात, म्हणजे गावातल्या छोट्या बारमध्ये, जे छोटे पेगचे ग्लास असतात ते. "पात्रांव (म्हणजे मालक), दोन सारखे ग्लास द्या" म्हणून मागून घ्यायचे आणि कुणाचं लक्ष नसताना एकावर एक उलटा ठेवून सांध्यावरून नख फिरवायचं, नख कुठे अडकलं किंवा काठाचा टवका उडालेला दिसला तर तो ग्लास परत. मग एक पत्ता, खेळायचा, प्लास्टिक कोटिंगवाला. व्हिजिटिंग कार्ड गुळगुळीत असेल तर एकवेळ चालतं पण साधा जाड कागद भिजून मऊ पडतो. एटीएम कार्ड बरेच जण काढतात, स्मार्ट दिसतं म्हणून, पण ते पाऊण मिलिमीटर जाड असतं, अर्धवट ओढलं की वरचा ग्लास त्याच्या कडेवर तिरका बसतो आणि तेवढ्या फटीतून सगळं टेबलावर. पत्ता त्याच्या निम्म्याहून पातळ, त्यामुळे फट इतकी बारीक राहते की पाणी स्वतःच्याच ताणानं तिथे धरून राहतं. शिवाय खाली एक खोलगट बशी आणि जवळ टिश्यू, हे असू द्याच.

रम कुठलीही डार्क चालेल, आपल्याकडची बहुतेक ४२.८ टक्क्यांची असते. व्हिस्की पण चालते पण बारच्या पिवळ्या दिव्याखाली तिचा रंग नीट उठून दिसत नाही. आता प्रश्न येणारच की फेणी का नाही, गोव्यात बसून रमची जादू कसली. तर काजूची फेणी पण साधारण तेवढ्याच स्ट्राँगची असते, २००९ मध्ये तिला जीआय टॅग, म्हणजे गोव्याची खास वस्तू म्हणून भौगोलिक मानांकन, पण मिळालाय, सगळं मान्य, पण ती दिसते पाण्यासारखीच, म्हणजे जादू झाली तरी कुणाला कळणार नाही मरे! उर्राक, म्हणजे काजूच्याच रसाची पहिल्या धारेची दारू, तर त्याहून सौम्य, अल्कोहोल कमी, त्यामुळे प्रकरण आणखी रेंगाळतं. फेणीचाच हट्ट असेल तर एक आयडिया आहे, फेणी तशीच ठेवा आणि वरच्या पाण्यात थोडं गाळलेलं कोकम आगळ, म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा घट्ट रस, घाला. पाणी लालभडक होतं, मिठामुळे जरा जडही होतं, मग लाल खाली उतरताना आणि नितळ फेणी वर चढताना काय दिसतं म्हणून सांगू. मला तर रमपेक्षा हेच जास्त आवडतं, पण आगळ प्रत्येक बारमध्ये मिळेलच असं नाही म्हणून इथे रमच धरून चालतो.

करायचं कसं, तर दोन्ही ग्लास काठोकाठ भरा. काठोकाठ म्हणजे अगदी शब्दशः, पाण्याला वर जरासा फुगवटा आला पाहिजे, आता सांडतंय की मग असं वाटलं पाहिजे. जरा जरी हवा राहिली तर तो बुडबुडा वरच्या ग्लासात जाऊन बसतो आणि शेवटी ग्लास अर्धवट रिकामा दिसतो, मजा जाते. पाण्याच्या ग्लासावर पत्ता एका बाजूने टेकवत टेकवत ठेवा म्हणजे आत हवा अडकत नाही. मग पत्त्यावर तळवा, दुसऱ्या हातात ग्लास, आणि एका झटक्यात नाही पण न थांबता एका लयीत उलटा करायचा, बशीवर धरून. आता तळवा हळूच काढून घ्या. पत्ता चिकटून राहतो, पाणी पडत नाही.

इथे घाई करू नका. एक-दोघं "ओ!" करतातच, त्यांना करू द्या, उलटा ग्लास सगळ्यांसमोरून एकदा फिरवा. शाळेतलं हवेच्या दाबाचं गणित आहे हे, चार सेंटीमीटर तोंडाच्या ग्लासाला हवा खालून साधारण तेरा किलोच्या जोरानं ढकलत असते आणि आतलं पाणी असतं जेमतेम साठ ग्रॅम. पण हे आत्ता सांगायचं नाही. विचारलं तर "पत्ता माझं ऐकतो" वगैरे काहीतरी ठोकून द्यायचं.

मग हा उलटा ग्लास, पत्त्यासकट, रमच्या ग्लासावर ठेवा. पाणी वर, रम खाली, हे विसरू नका, उलट केलं तर रात्र संपेल पण काही होणार नाही. काठावर काठ बरोबर बसला की नाही ते समोरून आणि बाजूने, दोन्हीकडून बघा. एका हाताच्या दोन बोटांनी वरचा ग्लास वरून हलका दाबून ठेवा आणि दुसऱ्या हाताने पत्ता आपल्याकडे ओढा, अगदी मुंगीच्या चालीने, म्हणजे फट समोर बसलेल्यांच्या बाजूला उघडते. तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढी, दोनेक मिलिमीटर फट दिसली की थांबा. बोटं काढा. हात टेबलाखाली घ्या आणि सगळ्यांना दाखवून घ्या की तुम्ही आता कशाला हात लावत नाही.

पहिले काही सेकंद काहीच होत नाही असं वाटतं. मग फटीच्या एका टोकातून रमचा एक बारीक धागा वर निघतो, तपकिरी, थरथरत, सरळ वर जातो आणि वरच्या ग्लासाच्या तळाला, म्हणजे जो आता छप्पर झालाय त्याला, टेकून पसरायला लागतो. त्याच वेळी फटीच्या दुसऱ्या बाजूने पाणी खाली उतरत असतं, ते नीट बघितल्याशिवाय दिसत नाही, मोबाईलचा टॉर्च मागून धरला तर रममध्ये पाण्याच्या चकचकीत वळवळणाऱ्या रेघा दिसतात. वर तपकिरी थर जाड होत येतो, खाली रम फिकी होत जाते, आणि मधली रेघ बऱ्यापैकी स्पष्ट राहते. सगळं व्हायला फटीनुसार पाच-दहा मिनिटं लागतात.

हीच पाच-दहा मिनिटं तुमची. भौतिकशास्त्र आपलं काम करतंय, तुमचं काम फक्त तोंडाचं. गप्प बसलात तर दोन मिनिटांनी कुणीतरी मोबाईल काढतो आणि संपलं. मी काय करतो, फट उघडायच्या आधीच सगळ्यांना विचारतो की जड काय, रम की पाणी? बहुतेक जण छातीठोकपणे रम म्हणतात, रंगानं गडद, जिभेला जाड लागते, डोक्यात तर जातेच, म्हणजे जड असणारच. मग मी म्हणतो ठीक आहे, रम जड असेल तर ती खालीच बसेल ना, वर कशाला येईल? हो हो म्हणतात आणि स्वतःच आपल्या विरुद्ध पैज लावून मोकळे होतात. खरं म्हणजे अल्कोहोल पाण्यापेक्षा बरंच हलकं, एक लिटर पाण्याचं वजन जवळपास एक किलो, तर शुद्ध अल्कोहोलचं आठशे ग्रॅमच्या आत, त्यामुळे रमचा एक लिटर साडेनऊशे ग्रॅमच्या आसपास भरतो. एवढासा फरक पण पुरतो. हे कधी सांगायचं ते तुम्ही ठरवा, मी शक्यतो बिल आल्यावर सांगतो.

आता खरी गंमत पुढे आहे आणि ती बरेच जण करतच नाहीत. रम पूर्ण वर गेली, टाळ्या झाल्या, की पत्ता हळूच परत आत सरकवून फट बंद करा आणि टेबलावरच्या सगळ्यात शहाण्या माणसाला म्हणा, "घे बाबा, आता तू परत जागेवर आणून दाखव." तो तुमचं बघून बघून तस्संच करतो, दोन बोटं, मुंगीची चाल, तांदळाएवढी फट. आणि काहीच होत नाही! हलकी रम आधीच वर जाऊन बसलीय, ती खाली कशाला येईल. तो फट वाढवतो, फुंकर मारतो, मंत्र म्हणतो, बाकीचे त्याची घेतात. त्याला पुरेसं छळून झालं की फट बंद करायला सांगा, दोन्ही ग्लास एकमेकांवर घट्ट दाबून जोडी उचला, बशीवर धरून उलटी करा आणि परत फट उघडा. पाणी आता पुन्हा वर आलेलं असतं, धागा लगेच सुरू. ही उलटापालट मात्र घरी बेसिनवर साध्या पाण्याने करून हात बसवून घ्या, काठ जरा सरकला की शर्ट गेला.

बिघडतं कुठे कुठे ते पण सांगतो. फट मोठी झाली की दोन्ही एकदम घुसळून मचूळ तपकिरी पाणी होतं, मग कितीही बोला काही उपयोग नाही. सोडा, कोला, बिअर यातलं काहीही वापरू नका, गॅस सुटतो, पत्ता उचलतो आणि फसफस बाहेर. बर्फ नको, पाणी मात्र थंड चालतं, उलट बरंच, पण ग्लासाला बाहेरून घाम आलेला असतो तो पुसून घ्या, नाहीतर निसटतो. टेबल डुगडुगत असेल तर पायाखाली बाटलीचं बूच नाहीतर घडी घातलेला कागद. जागा म्हणाल तर घरचा बाल्कांव, म्हणजे दारापुढचा बसायचा ओटा, एकदम बेस्ट. बीचवर नकोच, वाळूत ग्लास सरळ बसत नाही हा एक भाग, आणि टुरिस्ट जागी उघड्यावर पिणं आणि काचेच्या बाटल्या नेणं याला २०१९ पासून दंड आहे, जादू भलतीच महाग पडायची.

शेवटी ग्लास वेगळे करायचे तर पत्ता पूर्ण आत, वरचा ग्लास पत्त्यासकट उचलून सुलटा करा, चार थेंब सांडतात, सांडू देत. रम जराशी पातळ झालेली असते पण पिण्यासारखी असते, ज्यानं गाडी चालवायची आहे त्यानं पाण्याचा ग्लास घ्यावा, त्यालाही हलका वास असतो म्हणून तोही नको, नवीन पाणी मागवा. आणि एकवीसच्या आतल्यांनी यातलं काही वाचलंच नाही असं समजायचं.

त्यांच्यासाठी चवथीचं, म्हणजे गणेश चतुर्थीचं, व्हर्जन आहे. सगळी भावंडं जमलेली, माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या आराशीखाली, बसून कंटाळलेली, आणि घरात अर्थातच रम-बिम काही नाही. तेव्हा वरच्या ग्लासात साखर घातलेलं कोकम सरबत, चांगलं गोड, फडक्यातून गाळलेलं, कारण गर आला की फटीत अडकतो. खालच्यात साधं पाणी. साखरेमुळे सरबत जड, ते लाल धागे सोडत खाली उतरतं आणि पाणी वर. हे रमपेक्षा जोरात होतं आणि जास्त मिसळतं, म्हणून फट आणखी बारीक ठेवायची, तांदळाचा दाणा नाही, कणी. सरबत खाली आणि पाणी वर ठेवून "दादा, माझं होतच नाही" म्हणत रडवेला होणारा एकजण निघतोच, त्याला मी उत्तर सांगत नाही, ग्लासांची जागा बदलून बघ एवढंच म्हणतो, आणि तोवर उरलेलं सरबत पिऊन टाकतो.