घाटावरून खाली आलात? मग वाडीच्या ग्रुपवर जपून लिहा

दापोली-गुहागर पट्ट्यात घर बांधून राहायला येणाऱ्यांना विहीर, वीज, माकडं आणि चिऱ्याचे, म्हणजे बांधकामाच्या जांभ्या दगडाचे, दर यांवर सल्ला द्यायला पुष्कळ जण आहेत. माझं त्यातलं एकच सांगणं: छपराच्या पागोळ्या स्वतःच्या हद्दीतच पडू द्या, निम्मी भांडणं होणारच नाहीत.

उरलेली भांडणं व्हॉट्सॲपवर होतात आणि बदनामीच्या खटल्यापर्यंत जातात. इथे आल्याआल्या कुणीतरी तुम्हाला वाडीच्या ग्रुपवर घेतं आणि आपल्याकडचा माणूस, त्यातही निवृत्त साहेब असला तर, लगेच गाव सुधारायला घेतो. पुण्याच्या सोसायटीत सेक्रेटरीला 'पैसे खाल्लेस' म्हणून मोकळं व्हायची सवय झालेली असते. इथे त्यावर ग्रुपवर कुणी उत्तर देत नाही. ज्याच्याबद्दल लिहिलं तो मुकाट्याने तालुक्याला वकिलाकडे जाऊन येतो. सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावं आणि आजोबांच्या काळापासून चालू असलेला दावा, यात वाढलेल्या माणसाला कोर्टाच्या तारखेचं काही वाटत नाही. दमता तुम्ही.

शेजारच्या वाडीतल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांचं उदाहरण घ्या. चिरेवाल्याने माल कमी टाकला. यांनी चिरे मोजले, फोटो काढले, इथवर सगळं चोख. मग रागाच्या भरात ग्रुपवर लिहिलं, 'हा चोर आहे, तलाठ्याला चारून बेकायदा खाण चालवतो.' कमी आलेल्या मालाचा पुरावा हातात होता. 'चारून' हे मात्र चहाच्या टपरीवर ऐकलेलं. चिरेवाल्याने फिर्याद केली ती नेमकी त्या शब्दावर, आणि टपरीवरचा एकही जण साक्षीला उभा राहिला नाही. बरीच वर्षं तारखा झाल्या. शेवटी त्याच ग्रुपवर लेखी माफी आणि समोरच्याच्या वकिलाचा खर्च देऊन प्रकरण मिटलं. चिऱ्याचे पैसे बुडाले ते बुडालेच.

म्हणून सांगतो, ऐकीव गोष्ट लिहू नका. 'सगळा गाव म्हणतो' हा बचाव होत नाही. दुसऱ्याचं बोलणं पुढे ढकललं तरी ते तुमचंच धरलं जाऊ शकतं, फॉरवर्डसुद्धा त्यात आला. मूळ रत्नागिरीच्या टिळकांनाही हे चुकलं नाही. कोल्हापूर संस्थानच्या कारभाऱ्यांवर 'केसरी'ने पत्रांच्या आधारे आरोप केले, ती पत्रं बनावट निघाली आणि 1882 मध्ये टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. 101 दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढले. हेतू चांगला असूनही.

आता कायदा. बदनामीला दोन वाटा आहेत आणि समोरचा दोन्ही धरू शकतो. एक फौजदारी: 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 356, त्याआधीचं भारतीय दंड संहितेचं 499-500. दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा. जुनं कलमच घटनाबाह्य आहे म्हणून वाद झाला होता, पण सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये ते कायम ठेवलं. दुसरी वाट दिवाणी, नुकसानभरपाईच्या दाव्याची. गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे, त्यामुळे 'उद्या पोलीस उचलून नेतील' या दमाला घाबरू नका. फिर्याद थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करायची असते.

'पण मी खरंच लिहिलं होतं' हे आपली माणसं छाती ठोकून सांगतात. दिवाणी दाव्यात ते खरं ठरलं तर तुम्ही सुटलात. फौजदारीत ते लोकहितासाठी सांगितलं हेही दाखवावं लागतं. शिवाय खरं ठरवण्याचा भार तुमच्यावर. शेजारी बाहेरचा आंबा आणून देवगड हापूस म्हणून पेट्या भरतो, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं असेल. कोर्ट विचारेल, पावती कुठे, साक्षीदार कोण?

नाव न घेता लिहिण्याची हुशारी तर करूच नका. 'आमच्या वाडीतला एक खाणवाला' म्हटलंत आणि वाडीत खाणवाला एकच असेल, तर नाव घेतल्यासारखंच आहे. उपरोधाने 'फारच प्रामाणिक माणूस बुवा' म्हणणंही कायद्याने धरलंय.

मग गप्प बसायचं का? अजिबात नाही. कलमात अपवाद आहेत आणि नव्या माणसाने त्यातला आठवा पाठ करावा: ज्याला त्या विषयात अधिकार आहे त्याच्याकडे सद्भावनेने केलेली तक्रार बदनामी ठरत नाही. खाणीबद्दल तहसीलदारांकडे, मोजणीबद्दल भूमी अभिलेखकडे अर्ज द्या आणि पोच घ्या. तेच वाक्य ग्रुपवर टाकलंत की हे संरक्षण गेलं. सरपंचांच्या कारभारावर प्रामाणिक मत द्यायलाही मुभा आहे. त्यांच्या घरात शिरायला नाही. गावच्या नमनात, म्हणजे इथल्या लोकनाट्यात, गवळण रंगली नाही असं खुशाल लिहा, कला लोकांपुढे मांडली की बरंवाईट ऐकावं लागतं. 'पिऊन उभा होता' म्हटलंत तर ती समीक्षा राहत नाही.

ॲडमिन केलं तर काय, हे बरेच जण विचारतात. दुसऱ्याच्या मजकुरासाठी निव्वळ ॲडमिन असल्यामुळे जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये म्हटलंय. तरी मी ते पद घेत नाही.

उलट तुमच्याबद्दल कुणी लिहिलं, तर रुसून बसू नका. दिवाणी दाव्याची मुदत प्रसिद्धीपासून फक्त एक वर्ष, फौजदारीची तीन. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, त्यासोबत साक्ष अधिनियमाप्रमाणे त्या इलेक्ट्रॉनिक नोंदीचं प्रमाणपत्र लागतं. मूळ मेसेज फोनमध्ये राहू द्या, फोन बदलू नका. नोटीस पाठवण्याआधी गावातल्या एखाद्या जुन्या माणसाला मध्ये घाला, कारण हा गुन्हा आपसांत मिटवता येतो आणि त्याच पाखाडीवरून, म्हणजे वाडीतल्या दगडी पायवाटेवरून, तुम्हाला रोज जायचं आहे. तरीही दावा करायचाच असेल तर मागाल त्या भरपाईच्या प्रमाणात कोर्ट फी आधी भरावी लागते. अब्रूची किंमत पन्नास लाख टाकायच्या आधी फीचा आकडा वकिलाकडून काढून घ्या. ऑगस्ट 2025 पासून रत्नागिरी-सिंधुदुर्गची उच्च न्यायालयातली कामं कोल्हापूरला चालतात, म्हणजे तिथवर गेलात तर आंबा घाट चढायचा.