छत कापलेल्या मॉडेल कारवर रंगाखालून जोड उमटतोय?
१:२५ मापाच्या १९५७ च्या शेव्हरोले बेल एअरचं छत, काचांमधले खांब कापून, ४ मिमी खाली घेतलं, म्हणजे खऱ्या गाडीत १० सेंमी. रंग वाळला की खांबांवरचा जोड पुन्हा दिसायचा. पुट्टी तीनदा भरली. ती वाळताना आकसतेच. वैताग आला राव!

शेवटी जमलं ते असं. जोडावर व्ही-आकाराची खाच केली. कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, मिळणारी सोनारी कानस याला एक नंबर. आतून १ मिमी प्लास्टिकपट्टी चिकटवली. खाचेत सुपरग्लूचा थेंब, लगेच वर खायचा सोडा, असे थर काठोकाठ. तासाभरातच घासायचं, उद्यावर ढकललं तर ते प्लास्टिकपेक्षा कडक होतं. आधी ४००, मग ८०० नंबरचा पेपर, पाण्यात भिजवून. प्रायमरचे दोन पातळ हात, २४ तासांनी रंग. पावसाळ्यात मात्र दोन दिवस थांबा.